मल्हारीचा टाक आणि माझी इतर मिळकत

मी, देवराम वाळू विधाते, वय वर्षे बावन्न, धंदा पूर्वी टर्नर व सध्या आजारी, राहणार सिडको, नाशिक, मूळ राहणार मखमलाबाद, धर्म ख्रिस्ती, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटात पाणी झाले आहे, बुद्धी शाबूत आहे, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. माझी पत्नी सुलाबाई हिने तो वाचून विचारले, "बुद्धीचं त्यांना एका तपासणीत कसं कळलं? मला अठ्ठावीस वर्षांत कळलं नाही."

अक्षर वाकडे वाटले तर हात सुजले आहेत म्हणून. दारू मी १९९३ साली सोडली, पण काळजाखालच्या त्या अवयवाने मागचा हिशोब ठेवला होता. डॉक्टर म्हणतात दोन महिने, त्यांचा कंपाउंडर सुलाबाईला म्हणाला एक. तेव्हा मला घाई आहे, आणि मी घाबरलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वर धर्म या शब्दापुढे 'ख्रिस्ती' लिहिताना पेन अडखळले. माझा बाप्तिस्मा १९९५ च्या ईस्टरला झाला, त्याचा कागद कपाटात आहे. पण तो कागद आणि मी यांत फार मोठी फट राहून गेली. त्या फटीबद्दल लिहायचे म्हणून हे मृत्युपत्र लांबले. वकीलसाहेबांनी दोन पानांत बसवा म्हणून सांगितले होते. बसले नाही.

कलम १. यापूर्वी १९९८ साली मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द. नुसते रद्द नव्हे, मला त्याची लाज वाटते. माझ्या घरातील जी व्यक्ती मूर्तीपुढे दिवा लावील तिला माझ्या मिळकतीतला खिळासुद्धा मिळू नये, असे मी त्यात लिहिले होते. ते मी मंडळीत, म्हणजे आमच्या रविवारच्या प्रार्थनेच्या लोकांत, उभे राहून वाचूनही दाखवले. लोक म्हणाले, काय हा विश्वास! मला त्या रात्री छान झोप लागली. सुलाबाई तेव्हा पिठाच्या डब्यामागे तिची अन्नपूर्णा लपवून रोज दिवा लावत होती. मला वास यायचा. मी बोलायचो नाही, ती बोलायची नाही, आणि भिंतीवरचा काजळीचा डाग दर दिवाळीला चुन्याखाली जायचा. एकदा मी फारच बोललो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुमचा देव चांगला आहे हो. तुम्हीच आगाऊ आहात."

कलम २. सिडकोमधील माझे दोन खोल्यांचे घर, भांडीकुंडी, पंखे आणि प्रॉव्हिडंट फंडाचे जे उरले असेल ते, सुलाबाईला. अन्नपूर्णा पिठाच्या डब्यामागून काढून तिला वाटेल तिथे उजेडात ठेवावी. मात्र घराच्या पुढच्या खोलीत माझी आई ठमाबाई वाळू विधाते हिला हयात असेपर्यंत राहण्याचा पूर्ण हक्क राहील आणि तिला तिथून कोणी ऊठ म्हणू नये. ती येणार नाही हे मला माहीत आहे. १९९६ च्या धुळवडीपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. माझ्या घरचे पाणी प्यायलेली नाही. तरीही लिहितो, कारण माझ्याकडे द्यायला दुसरे काही नाही आणि काहीच दिले नाही असे व्हायला नको.

कलम ३. मखमलाबाद येथील वडिलोपार्जित दीड एकरातील माझा हिस्सा माझा धाकटा भाऊ पुंजा यास, बिनशर्त. सातबाऱ्यावर माझे नाव आहे ते त्याने काढून घ्यावे. जमीन तोच कसतो. गुलाब, झेंडू, मेथी, कोथिंबीर सगळे तोच लावतो आणि पहाटे मार्केटला तोच नेतो. मी फक्त बांधावर उभा राहून उपदेश केला.

पुंजावर माझा एक राग आहे, तो इथेच सोडतो. २००२ साली दुखणे कळल्यावर तो सिडकोत आला होता. माझ्याकडे बघून रडला आणि म्हणाला, "दादा, परत ये ना. एक सत्यनारायण घाल, चार लोकांत नारळ फोड. आई त्याच दिवशी बोलेल तुझ्याशी. मी बोलायला लावतो." मी त्याला हाकलून दिले, वर सैतान म्हणालो. पुंजा, तू सैतान नाहीस. तू आईची सोय बघत होतास. पण मला खोटा नारळ फोडता येत नाही रे. ज्याने मला उचलले त्याचे नाव नाकारून आईच्या पाया पडलो तर ते पाया पडणेही खोटेच होईल. मला दोन्ही हवे होते, प्रभूही आणि आईही. आणि दोन्हीकडची माणसे मला सांगत होती की एकच मिळेल. मी आठ वर्षे ते खरे मानले.

कलम ४. माझी हत्यारे. मायक्रोमीटर दोन, व्हर्निअर एक, डायल गेज एक, पान्यांचा संच आणि हाताने घासून केलेली टूल बिट्स, ही माझा मुलगा कुंदन यास. तोही माझ्यासारखा अंबडच्या कारखान्यातच लेथवर आहे, त्याला त्यांची किंमत कळते. दुसरे व्हर्निअर माझ्या मेहुण्याने १९८९ साली 'दोन दिवसांसाठी' नेले आहे. ते त्याच्याकडेच राहू द्यावे, पण त्याला आठवण जरूर करून द्यावी.

मायक्रोमीटरवरून शांतवन काकांबद्दल लिहिले पाहिजे. अंबडच्या ज्या कारखान्यात मी चोवीस वर्षे काढली, तिथे ते टूलरूमचे स्टोअरकीपर होते. शरणपूरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मी दुपारच्या पाळीला पिऊन यायचो. त्यांनी साहेबाकडे तक्रार केली नाही, फक्त मला मायक्रोमीटर द्यायचे बंद केले. एकदा मी टूलरूमच्या खिडकीशी भांडायला गेलो. ते म्हणाले, "हात कापतोय तुझा, माप खोटं येईल. आत ये, चहा घे." आत बसून, का कोण जाणे, मी त्यांना माझा मधला भाऊ मल्हारी याच्याबद्दल सांगितले. त्याच्या मरणात माझा दोष होता, आणि तो मी एकोणीस वर्षे कोणालाही सांगितला नव्हता. कसा दोष, ते पुढच्या कलमात आहे. मग काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. चहा पार निवला. त्या दिवसापासून मी दारू सोडली. येशूने मला उचलले म्हणतो ते हे. यात मला कोणी तांदूळ दिले नाहीत, पैसे दिले नाहीत, नोकरी दिली नाही. मखमलाबादच्या पारावर जे बोलतात त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो.

त्यानंतर माझे जे झाले त्याला मी विश्वास म्हणायचो. काका म्हणायचे, "जरा सावकाश, देवराम." माझ्या बाप्तिस्म्याला एक वर्ष झाले नव्हते आणि मी त्या तीन पिढ्यांच्या माणसाला शास्त्र समजावून सांगत होतो.

कलम ५. टाक. हे कलम कुंदनने मी जिवंत असतानाच, येत्या रविवारी, मखमलाबादला जाऊन माझ्या आईला वाचून दाखवायचे आहे. वकीलसाहेब म्हणतात मृत्युपत्र आधी वाचून दाखवण्याची पद्धत नाही. नसू दे. मेल्यावर वाचून मला काय करायचे आहे?

वकीलसाहेब विदर्भातले आहेत म्हणून टाकाबद्दल थोडे. आमच्याकडे घरातले कोणी लग्नाआधी, अवेळी गेले की त्याचा चांदीचा टाक करतात. तळहातात मावेल एवढा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला वीर उठवलेला. वर्षभर तो देवघरात असतो. धुळवडीला त्याला खोबऱ्याच्या वाटीत बसवून, गुलाल लावून, वाजतगाजत गोदावरीवर, आमच्या भाषेत गंगेवर, न्यायचे, अंघोळ घालायची आणि परत आणायचे. इतर गावांत धुळवडीला रंग खेळतात, नाशकात वीर निघतात. वीर नेण्याचा मान घरातल्या थोरल्याचा. मल्हारीचा वीर मी एकवीस वर्षे नेला.

आता आई, पुढचे तुझ्यासाठी. कुंदन वाचतो आहे, त्याला मध्ये तोडू नको. उठून गेलीस तर तो तुझ्या मागे मागे येऊन वाचेल, मी त्याला तसे सांगून ठेवले आहे.

१९७४ साली, चैत्रात, विहिरीच्या मोटारीची वायर उघडी पडली होती. बाबांनी ती मला दाखवली होती. मी आयटीआयला होतो, विजेचे मला कळत होते. बाबा म्हणाले, हिला टेप गुंडाळ आणि दुपारी लाईट आली की तूच मोटार चालू कर, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको. मी हो म्हणालो. टेप माझ्या खिशात होती. आणि मी पंचवटीत मॅटिनीला गेलो. सिनेमा कोणता होता तेही आता आठवत नाही. मी नव्हतो म्हणून मल्हारी गेला, ओल्या वाफ्यातून, अनवाणी. तो सतरा वर्षांचा होता. मी परत आलो तेव्हा तुम्ही त्याला बाजेवर घातले होते. बाबांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि पुढे मरेपर्यंत त्याबद्दल तोंड उघडले नाही. तुला वाटत आले की पोराने आगाऊपणा केला आणि गेला. तसे नाही, आई. मी त्याला मारले.

मग तू टाक करून आणलास आणि दर धुळवडीला माझ्या हातात दिलास. एकवीस वर्षे. तुला कल्पना नाही मी तो कसा नेला. त्या घोड्यावरच्याला तोंड होते, डोळे होते. मी वाटीवर रुमाल टाकायचो, लोकांना वाटायचे ऊन लागू नये म्हणून. दारू सोडेपर्यंत नदीवरून आलो की आधी गुत्त्यावर जायचो.

१९९६ च्या धुळवडीला तू नेहमीसारखी वाटी सजवून ओट्यावर उभी होतीस. गल्लीत डफ वाजत होता. मी तुझ्या हातातून वाटी घेतली, टाक काढला, ओट्याच्या दगडावर ठेवला आणि हातोडीने सपाट केला. सहा घाव घातले. वर ओरडून म्हणालो की माझा देव एकच आहे. आजवर सगळ्यांना मी सांगत आलो की विश्वासाच्या भरात हातून झाले. ते खोटे आहे. हातोडी मी सिडकोतून पिशवीत घालून आणली होती. आणि देवासाठी तर मुळीच केले नाही. देवघरात खंडोबा होता, देवी होती, त्यांना मी बोटही लावले नाही. मी शोधून एकच टाक चेचला, ज्याचा चेहरा मला बघवत नव्हता. प्रभूचे नाव पुढे करून मी मल्हारीला दुसऱ्यांदा मारले, आणि या वेळी तुझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी मी हे शांतवन काकांना छाती फुगवून सांगितले. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "देवराम, तुला पूजा सोड म्हणालो होतो. तिचा लेक चेचायला कोणी सांगितलं होतं?" मी वाद घातला, शास्त्रातले दाखले दिले. ते म्हणाले, "दाखले राहू दे. आधी आईकडे जा, मग प्रार्थनेला ये." मी गेलो नाही. दुसरी मंडळी शोधली, जिथे मला शाबासकी मिळाली. काका २००० साली गेले. त्यांना खांदा द्यायला मी होतो, तेवढेच.

आई, अजून एक आहे, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. २००१ ची धुळवड. मी मंडळीतल्या दोन भावांबरोबर गंगेवर गेलो होतो, लोकांना पत्रके वाटायला. वरच्या पायरीवर उभा होतो आणि तू दिसलीस. एकटी होतीस. डफ नाही, कोणी नाही, पुंजा बहुतेक मार्केटला अडकला होता. हातात खोबऱ्याची वाटी, आणि वाटीत तो सपाट पत्रा. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, घोडा नाही, आणि तू त्याला अंघोळ घालायला आणले होतेस. शेवाळावरून तुझा पाय सरकला. तू पडलीस ते मी पाहिले. गुडघ्याचे लुगडे लाल झालेलेही मी पाहिले. पत्रा घरंगळला तर तू आधी पत्र्यामागे गेलीस. मी चार पायऱ्यांवर होतो, आई. चारच. आणि मी उतरलो नाही, कारण बरोबरचे दोघे बघत होते, आणि टाक धरलेल्या बाईला हात दिला तर ते काय म्हणतील असे मला वाटले. एका फुलवालीने तुला उठवले. मी हातातले पत्रक पुढच्या माणसाला दिले.

त्या पत्रकावर देवाच्या प्रीतीबद्दल लिहिलेले होते.

तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की पायऱ्या दिसतात. मी देवाला म्हणतो, क्षमा कर. तो काही बोलत नाही. आता पडून पडून मला कळते की तो बोलतो आहे आणि रोज एकच बोलतो आहे, काका म्हणाले होते तेच. मी सगळीकडे साक्ष देत फिरलो की माझी पापे धुतली गेली. धुतली असतील. पण गुडघा तुझा फुटला होता. ख्रिस्ती होणे म्हणजे देवघर रिकामे करणे असे मी समजलो होतो. आई, ते त्या चार पायऱ्या उतरणे होते. एवढेच होते आणि तेवढे मला जमले नाही.

आता पायांत बळच उरले नाही. मला उचलून बाथरूमला न्यावे लागते, मखमलाबादला कसा येऊ? नारळ फोडून परत येणार नाही, तसे खोटे तुला सांगणार नाही. मी येशूचाच आहे आणि त्याचाच म्हणून मरणार आहे. पण मी तुझा अपराधी आहे, दोनदा, तीनदा. तू बोलू नको हवे तर. शिव्या दे. पण हे ऐकून घेतलेस एवढे कुंदनकडून कळव. मी वाट बघतो आहे, आई. आता मला दुसऱ्या कशाचीही वाट बघायची नाही.

या कलमातला हुकमाचा भाग असा: यंदा आणि पुढे आई चालती आहे तोवर दर धुळवडीला कुंदनने मखमलाबादहून रिक्षा करून तिला गंगेवर न्यावे आणि पायऱ्यांवर तिचा हात धरावा. कुंदनला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. मंडळीतले वडीलधारे म्हणतील, टाक धरलेल्या हाताला हात लावलास तर तुला बाप्तिस्मा देणार नाही. तसे म्हणाले तर थांबावे. बाप्तिस्मा पुढच्या वर्षीही मिळेल. आजीचा हात सोडू नये.

कलम ६. माझ्या देहाबद्दल. मला ख्रिस्ती दफनभूमीत पुरावे. पुंजाने अग्नीचा हट्ट धरू नये आणि त्यावरून दारात भांडण होऊ नये. पण आई आली आणि तिला माझ्या तोंडात तुळशीचे पान किंवा गंगेचे पाणी घालावेसे वाटले, तर कोणीही तिचा हात अडवू नये आणि ती गेल्यावर पान काढून टाकू नये. मंडळीतल्या भावांना विचित्र वाटले तर त्यांनी थोडा वेळ बाहेर उभे राहावे. मी कोणाचा ते प्रभूला तोंडातले पान बघून ठरवावे लागत नाही.

कलम ७. बाकीचे राग. कारखान्यातला सुपरवायझर, ज्याने १९८७ साली माझी बढती खाल्ली, त्याला माफ केले. सुलाबाईचा भाऊ, व्हर्निअरसकट, माफ. शेजारची नवसाबाई रोज आमच्या दारात पाणी टाकते, तिला माफ करायचा प्रयत्न चालू आहे. मला बोट दाखवणारे, धर्म बुडवला म्हणणारे पारावरचे सगळे माफ. माझी मंडळीही माफ. तिने मला वाईट काही शिकवले नाही, मीच मला सोयीचे तेवढे शिकलो.

रविवार, २९ फेब्रुवारी, संध्याकाळ. कुंदन जाऊन आला. आई ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. तो वाचू लागला तेव्हा तिने मान वर केली नाही. मॅटिनीचे वाक्य आले तेव्हा हात थांबले, मग परत चालू झाले. शेवटी म्हणाली, "झालं का?" तो म्हणाला, झालं. ती उठून गोठ्याकडे गेली. चहा घे म्हणाली नाही, काही निरोप दिला नाही. तो तासभर बसून राहिला. येताना पुंजाने त्याला गाडीवर सोडले.

म्हणजे संपले. मी कुंदनला दोनदा विचारले, नीट वाचलेस ना, मोठ्याने वाचलेस ना, तिला कमी ऐकू येते. तो म्हणाला, "पप्पा, सगळं ऐकलं तिने." मग मी भिंतीकडे तोंड केले. सुलाबाई पाय चेपत बसली होती. मी तिला म्हणालो, देवाने पण तोंड फिरवले असेल तर? ती म्हणाली, "तुम्ही गप पडा हो." आणि स्वतःच रडायला लागली.

पुरवणी. मंगळवार, २ मार्च २००४. सही करण्यासाठी वकीलसाहेब सकाळी आले. साक्षीला शेजारचे जीवन खैरनार आणि त्यांचे एक स्नेही ठरले होते. स्नेह्यांना उशीर झाला. दारात रिक्षा थांबली आणि मला वाटले तेच आले. पुंजाचा आवाज आला, "सावकाश, पायरी हे."

आई आत आली. गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्या पोटाकडे, हातांकडे बघत राहिली. मी उठायला बघितले, जमले नाही. आठ वर्षांनी ती माझ्याशी बोलली ते जसेच्या तसे लिहितो. लिहिण्यासाठी वकीलसाहेबांनी मला वेळ दिला.

"देव्या, तू शिनिमाला गेला व्हता ते मला तवाच म्हाईत व्हतं. मल्हारीनं येऊन मला ईचारलं, आई, दादा गेला, मी चालू करू का मोटार? मीच म्हनले, जा, कर. कोथमीर सुकत व्हती. वायरचं मला कोनी सांगितलं नव्हतं. पन जा म्हननारी मी."

ती पुढे म्हणाली, "मला तो टाक हातात धरवत नव्हता. म्हनून तुला द्यायची. तुला थोरला म्हनून मान नव्हता दिला, माझं वझं दिलं व्हतं. तू चेचला तवापासून मलाच न्यावा लागला. लय जड हे तो, देव्या. लय जड."

मी तिचे पाय धरायला हात लांब केला, पण हात पोचेना. तिने पाय पुढे केला नाही. ती वाकली आणि माझ्या सुजलेल्या हातावर तिचा हात ठेवला. मी म्हणालो, आई, माफ कर. ती म्हणाली, "माफी-बिफी मला कळत नाय. तुझा तो देव करतो ना? करू दे त्याला." मी म्हणालो, तो म्हणतो आधी तुला विचार. ती म्हणाली, "मंग बरा हे तो." सुलाबाईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ती उभ्यानेच प्यायली.

वकीलसाहेबांनी तिला मृत्युपत्रातले तिच्यापुरते सांगितले. ती म्हणाली, "मला खोली नको. साक्षीला मानूस कमी हे ना? मी हाय की." वकीलसाहेबांनी समजावले की, आजी, ज्याला मृत्युपत्रातून मिळकत मिळायची असते त्याने त्यावर साक्ष करू नये, केली तर त्याचे मिळणे जाते. ती म्हणाली, "मंग काढा ते खोलीचं. पन पोराला धुळवडीला पाठवा, गुडगा लय दुखतो." नातवाने हात धरणे ही मिळकत नव्हे, ते कलम राहू शकते, असे वकीलसाहेबांनी सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला, तेव्हा थोडा वेळ काम थांबले होते.

सबब कलम २ मधील पुढच्या खोलीचा मजकूर रद्द समजावा. बाकी सर्व मजकूर कायम. मी तो वाचला आहे, मला समजला आहे, तो खरा आहे आणि मला मान्य आहे. पुढील सही मी दोन्ही साक्षीदारांच्या देखत केली आणि त्यांनी माझ्या देखत साक्ष केली.

ठिकाण: सिडको, नाशिक
दिनांक: २ मार्च २००४

सही: देवराम वाळू विधाते

साक्षीदार:

१. सही: जीवन रामभाऊ खैरनार, राहणार सिडको, नाशिक. नाते: शेजारी.

२. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी: ठमाबाई वाळू विधाते, राहणार मखमलाबाद. नाते, साक्षीदाराने सांगितले तसेच लिहिले: देव्याची आन् मल्हारीची आई.